सूचना, कमाल पन्नास शब्दांत

शाळा तपासणीची पद्धत सुधारायची आहे,
जिल्ह्याहून पत्र आलंय:
क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी सूचना पाठवाव्यात,
कमाल पन्नास शब्द.
निम्मे इथेच संपले, साहेब.
तरी लिहिते.

तरीवाडीची शाळा. पट सतरा, शिक्षक दोन,
त्यातले एक मतदारयाद्यांवर.
खाडी ओलांडून जावं लागतं. तर एकच,
आणि ती चालवणारा मजीद होडेकर
घड्याळ पाहत नाही, पाणी पाहतो.

मी पोचले साडेदहाला.
कळवून गेले होते, रीतच आहे ती,
म्हणून अंगण सारवलेलं, अजून ओलं,
फळ्यावर सुविचार, खाली खडूची ताजी भुकटी.
तिसरीतला निशांत डोर्लेकर
उभा राहून घडाघडा वाचतो,
स्वल्पविरामालासुद्धा थांबतो.
खूण केली: वाचन, अ.
शौचालय आहे. नळाला पाणी आहे, आज.
आहाराचं चव रजिस्टर पूर्ण,
रोजची चव: चांगली.
त्रेचाळीस रकाने बारा चाळीसला संपले.
शेरा लिहिला, समाधानकारक.
सही, शिक्का.
नारळ दिला त्यांनी. घेतला नाही. मग घेतला.

धक्क्यावर आले तर खाडीत पाणी नाही.
नुसता चिखल, त्यात तर एका कुशीवर कलंडलेली,
आणि मजीदमामू जांभ्याच्या गडग्याला टेकून:
"आता चारशिवाय नाय. पाणी येऊदे."

साहेब, वीस वर्षं मी शाळा तपासते.
तपासून झालेली शाळा
मी कधी पाहिली नव्हती.

परत गेले.
सकाळचे सतरा आता चौदा.
तिघं वरच्या वाडीतल्या शाळेचे, उसने आणलेले,
जेवून घरी गेले होते.
खऱ्या तिघी कोळंबीच्या शेडवर,
हंगाम संपेपर्यंत.
खडपे सर इस्त्रीच्या बाह्या दुमडून
जमिनीवर बसलेले, शेजारी निशांत,
पुढ्यात पान. सकाळचं नव्हे, दुसरंच.
"मरती," निशांत म्हणाला.
सरांनी नुसतं बोट ठेवलं अक्षरावर.
"डोक्यावरची रेघ बघ. तुटलीय की सलग?"
तो बघत राहिला.
बराच वेळ.
"मरती."

"आणि सकाळी?" मी विचारलं.
"तो धडा पाठ आहे त्याला, मॅडम."
"मग तेव्हाच का नाही बोललात?"
सरांनी पेनाला टोपण लावलं.
"तेव्हा तपासणी होती."

मग आम्ही तिघं त्या एका पानापाशी बसलो.
मीही सात वर्षं पहिली-दुसरी शिकवलीय;
हे माझ्या कुठल्याच रकान्यात येत नाही.
माझी एक युक्ती होती भ आणि म-ची.
चालली नाही.
सरांची थोडी चालली.

साडेतीनला शेरेबुक पुन्हा मागितलं.
समाधानकारक खोडता येत नाही, शिक्का बसलाय.
खाली दोन बोटं जागा होती, तिथे लिहिलं:
थांबले. पुन्हा येईन, न कळवता.
माझ्याकडे बाकी: मोठ्या अक्षरांची पुस्तकं,
शेडच्या मुकादमाशी बोलणं,
दुसऱ्या गुरुजींना याद्यांतून सोडवणं.
नाही झालं तर शेरा माझ्यावर मारावा.
सरांनी वाचलं,
आणि पहिल्यांदा मला चहा विचारला
साखर किती म्हणून.

तर सूचना अशी.
रकाने कमी करा, वाढवा, मोबाईलवर आणा,
गुणांऐवजी तारे द्या, ताऱ्यांऐवजी रंग,
माझी हरकत नाही.
फक्त तारीख लावताना
पंचांगात तिथी बघा, ओहोटी कधी लागते ते बघा,
आणि पाठवलेला माणूस
पलीकडे अडकेल अशी व्यवस्था करा.

शब्द जास्त झाले, मान्य.
नारळ आम्ही तीन वाजता फोडला,
चौदा जणांत. मजीदमामूंनाही एक कातळी.
तो कुठल्या रकान्यात दाखवायचा,
कळवावे.